मदत हवी आहे: लेपर्ड रॅस दिवसभर टिपत असते, तरी खंगत चालली आहे

नमस्कार मंडळी,

लेपर्ड रॅस या वाळूत पुरून झोपणाऱ्या समुद्री माशाबद्दल, खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्या जाणकारांकडून जरा तातडीने सल्ला हवा आहे. मजकूर लांबला आहे, पण सगळा तपशील आधीच देते, म्हणजे तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

टाकी ३५० लिटरची, दोन वर्षं पूर्ण झालेली. क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २५ ते २६ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास. वाळू साखरेसारखी बारीक आहे, मागच्या बाजूला ६-७ सेंटिमीटर आणि पुढे काचेपाशी तीनेक सेंटिमीटर. वर बारीक जाळीचं झाकण. सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) केटोमॉर्फा शेवाळाचं रेफ्युजियम, म्हणजे बारीक जीव वाढायला राखलेला कप्पा, आहे आणि रात्री टॉर्च मारली की काचेवर कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) पळताना दिसतात. सोबतीला क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा आणि एक वॉचमन गोबी. कोणीही तिच्या अंगावर जाताना पाहिलेलं नाही.

१६ दिवसांपूर्वी लेपर्ड रॅसची मादी आणली. मेलिआग्रिस जात, लांबी साधारण ७ सेंटिमीटर. आली तेव्हा पिशवीत वाळूचा कणही नव्हता आणि वरचा ओठ पांढरा पडून सुजला होता. विक्रेत्याने फ्रोझन (गोठवलेलं अन्न) खाते असं सांगितलं होतं. दुकानात ती खाताना मी स्वतः पाहायला हवं होतं, ते राहून गेलं. टाकीत सोडल्यावर दहा सेकंदही लागले नाहीत, मागच्या कोपऱ्यात डोकं खुपसून वाळूत गडप झाली. नंतर नऊ दिवस दर्शन नाही. चौथ्या दिवशी माझा धीर सुटला आणि मी वाळूत बोटं घालून चाचपलं. ती झटकन निसटून दगडाखाली गेली आणि पुन्हा पुरून घेतलं. तेव्हापासून हात लावलेला नाही.

दहाव्या दिवशी बाहेर आली. ओठाची सूज उतरली आहे. हालचाल फार देखणी: दगडासमोर थबकते, एक डोळा फिरवून बघते, मान तिरकी करते, मग टक् करून काहीतरी उचलते. अक्षरशः दर चार-पाच सेकंदांनी एक टिपण. एवढं खाताना दिसते, तरी पोट आत गेलंय आणि डोक्यामागे पाठीचा काठ धारदार दिसायला लागलाय. काल विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबताना दिसली.

सकाळी ९ ला ऑटो फीडरमधून पेलेट पडतात. मी साडेआठला निघते आणि संध्याकाळी सातला घरी येते, त्यामुळे फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) रात्री ८.३० ला. दिवे दुपारी १२ ते रात्री १०. रविवारी दुपारी एकला मुद्दाम मायसिस टाकून पाहिलं. तिने एक तोंडात घेतला, दोनदा चावल्यासारखं केलं आणि थुंकून दिला.

माझे वडील दिवसभर घरी असतात. त्यांनी माझ्यासाठी तिच्या वेळा वहीत टिपल्या आहेत. गेले सहा दिवस ती सकाळी ६.४५ ते ७ च्या दरम्यान वर येते आणि दुपारी २.४५ ते ३ ला वाळूत जाते. दिवे चालू असताना भर दुपारी झोपणं हे आजारपणाचं लक्षण आहे का?

मुख्य प्रश्न हा, की तिला बाहेर काढून वेगळ्या टाकीत औषध द्यावं का? काढायचं तर अर्धे दगड हलवावे लागतील. न काढावं तर डोळ्यांदेखत खंगतेय. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

अंगावर पांढरे ठिपके आहेत का? कल्ले जोरजोरात हलतात का? नवा मासा क्वारंटाइन न करता थेट मुख्य टाकीत सोडलात हे चुकलंच, म्हणून विचारतो. मी असतो तर लगेच काढून तांब्याच्या औषधात ठेवलं असतं. उशीर झाला तर बाकीचे मासेही जातील.

धागाकर्ती

ठिपके नाहीत, अंग घासत नाही, श्वास शांत आहे. क्वारंटाइनबद्दल तुमचं बरोबर आहे. उघड्या तळाच्या टाकीत ही जात घाबरते असं वाचलं होतं, म्हणून थेट सोडली. वाळूचं भांडं ठेवून करता आलं असतं, हे आता कळतंय.

प्रतिसाद २

ताई, कृपा करून तिला काढू नका. निदान आज तरी नाही. मी गेली सहा वर्षं लेपर्ड पाळतोय, त्यात पहिल्या दोन माझ्या घाईमुळे गेल्या, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर वडिलांच्या वहीत आहे. ती सातला उठते आणि तीनला झोपते. तुम्ही खरं अन्न देता रात्री साडेआठला. म्हणजे ती झोपल्यानंतर साडेपाच तासांनी! सकाळचे पेलेट तिच्या लेखी अन्नच नाही. सातपासून बारापर्यंत टाकीत दिवेही नसतात, अंधुक उजेडात ती कोपेपॉड शोधते. हाताशी आठ तास, त्यातले पाच अंधुक, आणि त्या आठ तासांत तिला चालेल असं काहीही पडत नाही.

दुपारी झोपणं आजार नव्हे. हे मासे ज्या समुद्रातून पकडले जातात तिथल्या उजाडण्या-मावळण्याची सवय अंगात घेऊन येतात, आणि इथल्या दिव्यांना जुळवून घ्यायला त्यांना कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. पूर्वेकडून आलेला मासा आपल्याआधी उठतो आणि आपल्याआधी झोपतो. तिचं घड्याळ बिघडलेलं नाही, ते दुसऱ्या ठिकाणचं आहे.

आता टिपण्याबद्दल. तिच्या शास्त्रीय नावातल्या मॅक्रोफॅरिंगोडॉन या शब्दाचाच अर्थ घशात मोठे दात असलेला. समुद्रात हे मासे फोरामिनिफेरा नावाचे चुनखडी कवचाचे एकपेशीय जीव, बारीक शिंपल्या, कवचधारी किडे असलं उचलतात आणि घशातल्या दातांनी भरडतात. एकेक घास वाळूच्या कणाएवढा, म्हणून दिवसभर टिपत राहावं लागतं. तेव्हा टिपतेय याचा अर्थ पोट भरतंय असा नाही. दहा टिपणांत घास किती आणि नुसतं चाचपणं किती, हे आपल्याला काचेबाहेरून कळत नाही. खरं काय ते पोट सांगतं, आणि तुम्ही ते बरोबर बघितलंत.

काय करावं ते सांगतो. दिवे उद्यापासूनच सकाळी ७ ला सुरू करा आणि संध्याकाळी लवकर बंद करा. तुम्हाला घरी आल्यावर अंधारी टाकी बघावी लागेल, पण महिनाभराचा प्रश्न आहे. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) अंडी आणून पिल्लं काढा. २६-२८ अंशाला, हवा सोडलेल्या खाऱ्या पाण्यात साधारण २४ तासांत फुटतात. ताजी फुटलेलीच द्या, कारण पोटातलं पिवळं बलक संपत गेलं की त्यांत पोषण उरत नाही. जिवंत, वळवळणारी गोष्ट लेपर्ड सहसा नाकारत नाही. देताना पंप बंद करा आणि पिपेटने ती टिपत असते त्याच दगडाजवळ हळूच सोडा. दिवसातून तीन वेळा, तीही तिच्या दिवसात: ७.३०, १०.३०, १.३०. वडील करतील का एवढं?

मायसिस तिने थुंकला, पण तोंडात घेतला हे विसरू नका. ओठ दुखरा असताना मोठा तुकडा भरडता येत नाही. आठवड्याने मायसिस सुरीने अगदी बारीक चिरून, आर्टेमियाच्या त्याच धारेत मिसळून द्या. माशांची बारीक अंडीही चालतात, आकार तिच्या तोंडाजोगा असतो.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला +१. तांब्याबद्दल थोडं. लेपर्डला वाळूशिवाय ठेवलं तर ती तळावर तोंड आपटत राहते. पिशवीतली ओठाची जखम त्यातलीच असणार. आणि वाळू दिली, तर आपली नेहमीची अ‍ॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू तांबं शोषून घेते, मात्रा सारखी खालीवर होते. तांबं द्यायची वेळ आलीच तर भांड्यात सिलिकाची वाळू लागेल. पण आत्ता ठिपके नाहीत, श्वास ठीक आहे, तर रोग नसताना अर्धपोटी माशाला औषधात टाकणं मला पटत नाही. रोज सकाळी कल्ल्यांकडे मात्र नीट बघा. श्वास वाढला तर लगेच इथे लिहा, तेव्हा वेगळा विचार करू.

पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा आतल्या परजीवींमुळे होते, तशीच रिकाम्या आतड्यामुळेही होते. मेट्रोनिडाझोल (आतल्या परजीवींवरचं औषध) अन्नातून दिलं तर उपयोग, आणि त्यासाठी आधी तिने आपण दिलेलं खाल्लं पाहिजे. म्हणून आधी अन्न. पोट भरायला लागूनही विष्ठा पांढरीच राहिली, तर मग औषधाचं बघू.

प्रतिसाद ४

एक शंका. टाकीत वाळू चाळणारा स्टारफिश आहे का? असेल तर काढा, वाळूतले जीव तोच फस्त करतो. आणि मागच्या कोपऱ्यातली वाळू सायफनने साफ करत असाल तर तेही थांबवा, तो तिचा बिछाना आहे.

धागाकर्ती

स्टारफिश होता. आजच मित्राच्या मोठ्या टाकीत पाठवला. सायफन बंद. आर्टेमियाची अंडी आज रात्री लावतेय. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "मला पिपेट धरायला शिकव, बाकी मी बघतो." सगळ्यांचे मनापासून आभार, कळवत राहीन.

धागाकर्ती (२३वा दिवस)

आर्टेमिया पहिल्याच सकाळी खाल्ला! बाबांनी पिपेट दगडाजवळ नेली तेव्हा ती आधी मागे सरली, वाळूवर पोट टेकवलं, आता जाते की काय असं वाटलं. मग एक पिल्लू डोळ्यासमोरून गेलं, ते उचललं, आणि त्यानंतर थांबलीच नाही. मी त्या दिवशी उशिरा निघाले. आता चौथ्या दिवसापासून पिपेट दिसली की स्वतःच पुढे येते. पाठीची धार अजून आहे, पण सकाळच्या दुसऱ्या खाण्यानंतर पोट किंचित गोल दिसतं. विष्ठा तपकिरी. श्वास शांत.

प्रतिसाद २

छान बातमी. पोट आधी भरतं, पाठ नंतर. पाठीवर मांस चढायला तीन-चार आठवडे जातील, तोवर एकही वेळ चुकवू नका. नुसत्या आर्टेमियावर मात्र राहू नका, चिरलेला मायसिस आता सुरू करा. दिव्यांची वेळ एवढ्यात बदलू नका.

धागाकर्ती (४१वा दिवस)

चिरलेला मायसिस नियमित खाते, कालपासून अख्खाही. पाठीची धार गेली. दिवे दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे ढकलतेय आणि ती मागोमाग येते: काल पावणेपाचला वाळूत गेली. जायच्या आधी दहा मिनिटं त्याच कोपऱ्यावर घिरट्या घालते, जागा पक्की करते आणि मग एका झटक्यात आत. वाळूवर फक्त एक खळगा उरतो.

आता एकच प्रश्न. तिला सोबत म्हणून दुसरी लेपर्ड आणावी का? आणली तर नर की मादी?

प्रतिसाद ३

आणखी दोन महिने थांबा. मग मादीच आणा, हिच्यापेक्षा लहान. या जातीत सगळ्या आधी मादी असतात आणि मोठी असेल ती पुढे नर होऊ शकते, रंगही बदलतो. मुद्दाम नर आणायची गरज नाही. दोन नर मात्र एका टाकीत नकोत. आणि या वेळी दुकानात खाताना बघा, पिशवीत मूठभर वाळू मागून घ्या, आणि वाळूचं भांडं ठेवून क्वारंटाइन करा.

धागाकर्ती

नोंद केली. वाळूचं भांडं आणि सिलिका वाळू आधीच आणून ठेवते. वडिलांनी वहीत नवं पान सुरू केलंय.