मदत हवी आहे: सायकलच्या मीटरचा हिशोब अन् वजनकाट्याचा हिशोब जुळूनच नाही राहिला

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहून राहिली आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट कळणार नाही म्हणून पूर्णच लिहिते.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, राळेगाव तालुका. वय ४३, उंची ५ फूट १ इंच, संक्रांतीला वजन ७४ किलो होतं. दिवाळीनंतर फार थकवा यायचा म्हणून रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) ६.१ टक्के निघाली. डॉक्टर म्हणाले डायबेटिस झालेला नाही पण उंबरठ्यावर आहात, गोळी आत्ताच नको, वजन उतरवा आणि रोज अंग हलवा. माझ्या आईच्या पायाचं बोट साखरेपायी काढावं लागलं होतं, दवाखान्यात मीच सोबत होती, म्हणून मी हे फार मनावर घेतलं.

मुलीला आठवीत असताना सरकारच्या मानव विकास योजनेतून लेडीज सायकल मिळाली होती. ती आता अमरावतीला शिकते अन् सायकल गोठ्यात तुरीच्या पोत्यांमागे पडून होती. दोन्ही ट्यूब बदलल्या, ब्रेकचे रबर बदलले, चेनला तेल दिलं आणि संक्रांतीनंतरच्या सोमवारपासून सुरू केलं. पहाटे साडेपाचला निघते, राळेगावच्या बसस्टँडपर्यंत जाते आणि परत येते. आठवड्यातून पाच दिवस, आता दहा आठवडे झाले. पहिले आठ दिवस लोक थांबून पाहायचे, एका काकूनं तर विचारलं की कोणी बिमार आहे का घरी, इतक्या सकाळी कुठं चालली. आता कोणी काही म्हणत नाही.

मुलीनं ऑनलाइन एक साधं वायरवालं मीटर मागवून दिलं, साडेतीनशे रुपयांचं. पुतण्यानं व्हिडिओ पाहून बसवलं. त्यात स्पीड, डीएसटी म्हणजे त्या फेरीचं अंतर, ओडीओ म्हणजे एकूण अंतर, एव्हीएस म्हणजे सरासरी स्पीड आणि कॅलरी येते. मी रोज वहीत लिहून ठेवते. साधारण रोजचे आकडे असे: अंतर १९.९ किमी, वेळ १ तास २० मिनिटं, सरासरी १४.९, कॅलरी ६२०.

आता माझा प्रॉब्लेम. मी वाचलं की एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. मग ६२० रोज, ५० दिवस, म्हणजे ३१०००, भागिले ७७००, चार किलो उतरायला पाहिजेत ना? काटा दाखवून राहिला ७२.६. म्हणजे दहा आठवड्यांत १ किलो ४०० ग्रॅम फक्त! काटा रेशन दुकानातल्या काट्याशी लावून पाहिला, तो बरोबर आहे. जेवण मी वाढवलेलं नाही, उलट रात्रीचा भात बंद केला. दोन वेळा जवारीची भाकर, वरण, भाजी. आल्यावर भूक लागते तर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, बाकी काही नाही. चहा चार वेळा होतो दिवसातून.

अजून दोन गोष्टी. एक, रस्त्यावरच्या दगडावर आमच्या फाट्यापासून राळेगाव ९ किमी आहे, पण मीटर जवळपास १० दाखवते. मला वाटलं दगड जुना असेल. दोन, कधीकधी चालू सायकलवर स्पीड एकदम शून्य होते, आणि एकदा तर जास्तीत जास्त स्पीड ६१ दाखवली, मी तर उतारावरही ब्रेक धरून असते.

मीटर चुकतंय, का माझं खाणं चुकतंय, का माझं शरीरच तसं आहे? खरं सांगा, मला वाईट वाटणार नाही. ओडीओ ९९६ वर आलाय, परवा हजार होणार म्हणून मी खूश होती पण आता त्याच्यावरही भरवसा राहिला नाही.

प्रतिसाद, अकोल्याहून

ताई, दगड बरोबर आहे, मीटर चुकून राहिलं. आणि तुमची चूक काहीच नाही त्याच्यात.

हे मीटर अंतर मोजतच नाही, चाकाचे फेरे मोजतं. पुढच्या चाकाच्या आऱ्याला छोटं लोहचुंबक असते, ते फोर्कवरच्या (चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) सेन्सरसमोरून गेलं की आतला बारीक स्विच लागतो, झाला एक फेरा. मग चाकाचा जो घेर तुम्ही मिलिमीटरमधे भरला असेल त्याच्याशी गुणाकार. घेर चुकीचा भरला की अंतर, स्पीड, सरासरी, कॅलरी सगळंच त्या हिशोबानं चुकते.

सेटिंगमधे जाऊन चार आकडी नंबर पाहा. माझा अंदाज आहे की पुतण्याने व्हिडिओतला नंबर जसाच्या तसा टाकला असेल, आणि व्हिडिओ बहुतेक २९ इंची एमटीबीचा, म्हणजे डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकलचा असेल. तुमच्या टायरवर काय छापलंय तेही पाहून सांगा.

शून्य होणं आणि ६१ दाखवणं हे वेगळं दुखणं आहे. चुंबक आणि सेन्सरमधे फट जास्त झाली की फेरे सुटतात, म्हणून शून्य. आणि सेन्सर ढिला असला तर खड्ड्यात हलून एकाच फेऱ्यात स्विच दोन-चारदा लागते, म्हणून ६१. फट दोन-तीन मिलिमीटर ठेवा, दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी सेन्सर घट्ट बांधा, वायर हँडल वळवल्यावर ताणली जात नाही ना तेही पाहा.

धागा काढणारी

दादा, तुम्ही अगदी बरोबर ओळखलं! नंबर २२८८ आहे आणि टायरवर २६ × १ ३/८ लिहिलंय. पुतण्या म्हणते व्हिडिओत हाच होता.

प्रतिसाद, अकोल्याहून

मग झालंच. २२८८ हा २९ इंची, २.१ इंच रुंदीच्या टायरचा घेर आहे. तुमच्या टायरला घेरांच्या तक्त्यात २०६८ असते. म्हणजे खऱ्या एक किलोमीटरला मीटर १०६ मीटर जास्त दाखवून राहिलं. ९ चे ९.९५ झाले ते असे.

पण तक्त्यापेक्षा स्वतः मोजा, कारण हवा कमी-जास्त आणि बसणाऱ्याचं वजन यानं थोडा फरक पडते. सपाट अंगणात पुढच्या चाकाचा वॉल्व अगदी खाली जमिनीकडे आणा, तिथं खडूनं रेघ मारा. तुम्ही सायकलवर बसा, कोणीतरी धरून सरळ पुढं न्यावं, वॉल्व तीनदा खाली येईपर्यंत. तिथं दुसरी रेघ. टेपानं मोजा, भागिले तीन. आणि नंबर बदलण्याआधी ओडीओ वहीत लिहून ठेवा, काही मॉडेलमधे सेटिंग बदललं की, नाहीतर सेल बदलला की सगळं पुसल्या जाते.

प्रतिसाद, वर्ध्याहून

ताई, मी नर्स आहे, वजनाचं बोलते.

घेर सुधारला तरी कॅलरीचा आकडा धरून चालू नका. त्या मीटरला फक्त चाकाचा वेग कळते. समोरून वारा होता का, चढ होता का, तुम्ही पैडल मारत होत्या का उतारावर नुसत्या बसून होत्या, त्याला काही माहीत नसते. तुमचं वजन, १३-१४ चा वेग आणि ८० मिनिटं धरली तर आराम करताना शरीर जे जाळते त्याच्यावर जास्तीचे ३०० ते ४०० धरा. ६२० नाही.

आता शेंगदाणे. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम धरले तर १७० कॅलरी, गुळाचा मोठा खडा २० ग्रॅमचा म्हणजे ७५. चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, नुसत्या साखरेच्या १६०. एकूण चारशे झाले. म्हणजे सकाळी जे जाळलं ते जवळपास सगळं परत आलं! तरी दीड किलो उतरलं ते रात्रीचा भात सोडल्यानं असेल. शेंगदाणे वाईट नाहीत, पण ते जेवणात मोजा, जेवणावर नाही. आल्यावर उकडलेलं अंडं, नाहीतर भिजवलेले चणे आणि ताक घेऊन पाहा. चहात साखर आधी एक चमचा करा, मग अर्धा. गूळ साखरेपेक्षा बरा असं समजू नका, तुमच्या रिपोर्टसाठी दोन्ही सारखेच.

आणि काट्यासोबत कंबर मोजा, बेंबीच्या रेषेत, सकाळी उपाशीपोटी. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंमीच्या वर धोका धरतात. साखर उंबरठ्यावर असताना पोटाचा घेर कमी होणं फार महत्त्वाचं आहे. व्यायामानं स्नायू साखर वापरायला लागतात, हा फायदा काट्यावर दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांची साखर पुन्हा तपासाच. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात, तुमची ४०० होऊन राहिली, हे खूप आहे ताई. मध्यम म्हणजे चालवताना बोलता येते पण गाणं म्हणता येत नाही एवढा दम.

प्रतिसाद, पुसदहून

सीट किती वर आहे? मुलीच्या मापाची खाली असेल तर लवकरच गुडघ्याच्या समोरून दुखेल. पैडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. आणि एप्रिल-मे मधे साडेपाच उशीर होते, पाचला निघा, सातच्या आत घरी. अंधारात मागं लाल लाइट लावाच, रोही (नीलगाय) आणि डुकरं वावरातून एकदम रोडवर येतात, मी एकदा रोहीच्या धडकेतून थोडक्यात वाचलो.

धागा काढणारी

पाच दिवसांनी लिहून राहिली आहे, सगळ्यांना उत्तर एकत्रच देते.

काल अंगणात मोजलं. मी सायकलवर, नवऱ्यानं धरलं, पुतण्यानं खडू मारला. तीन फेऱ्यांना ६ मीटर २० सेंमी, म्हणजे २०६७. तोच टाकला. आज सकाळी फाट्यापासून राळेगावच्या दगडापर्यंत ८.९८ आलं! दगडाला मी उगाच जुना म्हटलं. सेन्सर दोन पट्ट्यांनी बांधला, दोन दिवसांत एकदाही शून्य झालं नाही.

ओडीओचा हिशोब केला तर ९९६ चे खरे ९०० झाले. थोडं वाईट वाटलं, मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणे आई, ९०० तरी आपल्या घरात कोणी चालवली का. आमच्या मीटरमधे जुना ओडीओ टाकता येते, तो ९०० टाकून दिला. अजून सहा फेऱ्या झाल्या की खरा हजार.

वर्ध्याच्या ताई, तुमचा शेंगदाण्याचा हिशोब वाचून मी किचनच्या छोट्या काट्यावर माझी मूठ मोजली. ४२ ग्रॅम निघाली, ३० नाही. चणे भिजवायला सुरुवात केली. चहा दोनवर आणलाय, साखर एक चमचा, डोकं दुखते दुपारी पण सवय होईल. कंबर ९४ आहे, आधीची मोजलेली नाही, पण परकराची नाडी चार बोटं जास्त ओढावी लागते एवढं माहीत आहे. तीन महिन्यांची साखर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तपासणार, इथंच लिहीन.

सीट दोन बोटं वर केली, टेकडीच्या चढावर फरक जाणवला. लाल लाइट यवतमाळहून मागवलाय.

आता एकच अडचण राहिली, कोणाला माहीत असेल तर सांगा. आमच्या रोडच्या कडेला बाभळी फार आहेत आणि काटे रस्त्यावर पडतात, दहा आठवड्यांत सात पंक्चर झाले. पंक्चरवाला म्हणते ट्यूब आणि टायरच्या मधात जुन्या ट्यूबची पट्टी टाक. त्यानं चाक जड होईल का, आणि घेर पुन्हा मोजावा लागेल का?