निवेदक हरवतो, पण वॉटसन सापडतो
‘पडद्यावर निवेदकच हरवतो, म्हणून मालिकेत कादंबरीची गोडी उरत नाही’ हे कादंबऱ्यांवरच्या मालिकांबद्दलचे मत मला निम्मेच पटते. गुप्तहेर शेरलॉक होम्सच्या बहुतेक कथा त्याचा मित्र डॉ. वॉटसन सांगतो आणि कॅमेरा आला की त्याचे ते काम संपते, हे खरेच. परंतु १९८४ ते १९९४ या काळात ग्रॅनडा या ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीने केलेल्या मालिकेत, जेरेमी ब्रेट होम्स असताना, आधी डेव्हिड बर्क आणि नंतर एडवर्ड हार्डविक यांनी वॉटसनला जुन्या चित्रपटांतल्या भोळसट सोबत्याच्या रूपातून सोडवून पुन्हा युद्ध पाहिलेला, समंजस डॉक्टर केले. मूळ कथांत तो तसाच आहे. शिवाय त्या मालिकेतील काही दृश्ये होम्सच्या कथा ज्यात छापून येत त्या स्ट्रँड मासिकातील सिडनी पॅजेट यांच्या चित्रांवरून रचलेली आहेत. ती चित्रे शेजारी ठेवून भाग पाहण्याचा आनंद मी पुन्हा पुन्हा घेतला आहे.