देवचाराला डिस्टॉर्शन लावलं तर बिघडलं कुठे?

सड्यावरचा :
वेंगुर्ला तालुक्यातल्या आमच्या गावात मे महिन्यात चाकरमानी आलेले असताना क्रिकेटचे सामने होतात आणि शेवटच्या रात्री गाण्याबजावण्याचा कार्यक्रम. यंदा चार पोरांनी तिथे देवचारावर, म्हणजे गावच्या राखणदारावर, स्वतः रचलेलं मेटल गाणं वाजवलं. डिस्टॉर्शन लावून, म्हणजे आवाज फाडून खरखरीत केलेल्या दोन गिटारी, ड्रम आणि पोटातून काढलेला गुरगुराट. दुसऱ्या दिवशी देवळात बारापाच मानकरी, म्हणजे गावच्या देवळातले मानाचे हक्कदार, बसले. राखणदाराची थट्टा झाली, नारळ ठेवा आणि असलं परत वाजवू नका, असा निकाल. पोरांनी नारळ मुकाट ठेवला, दुसरी अट मात्र मानली नाही. गावच्या ग्रुपवर त्यावरून काय रामायण चाललंय ते इथे आणत नाही.

माझं मत सरळ आहे. कोकणातल्या भयाला शोभेल असं संगीत शोधायचं तर ते हेवी मेटलच.

मेटल भयपटाच्या दारातच जन्मलं. बर्मिंगहॅमची चार कामगार वस्तीतली पोरं १९६८ पासून ब्लूज वाजवत होती, बँडचं नाव 'अर्थ'. बोरिस कार्लॉफचा १९६३ चा एक इटालियन भयपट थिएटरात लागला होता. घाबरायला लोक पैसे मोजतात, मग आपण भीतीच वाजवली तर? त्या सिनेमाचं इंग्रजी नाव बँडला लागलं, ब्लॅक सॅबथ. पहिली रेकॉर्ड आली १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी. आधी पाऊस, मग लांबून घंटा, मग गिटार. कोकणातल्या माणसाला यातलं परकं काय आहे हो? गिटारवाला टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावून बसला होता. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, तारा हलक्या घेतल्या, आणि १९७१ च्या तिसऱ्या रेकॉर्डवर काही गाण्यांत सूर तीन पट्ट्या खाली उतरवले. आज जगभर मेटलवाले तारा सैल करून खर्जात वाजवतात, त्याची वाट तिथून सुरू होते.

आणि आपलं भय कधी गप्प होतं? शिमग्याची बोंब ऐका, फाका ऐका. जत्रेत मध्यरात्री दशावताराचा राक्षस आरोळी ठोकत येतो, मृदंग आणि झांज एकदम चढते, पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरतात आणि तिथून डोळे किलकिले करून बघतात. संकासुराचा काळा वेष बघा. नॉर्वेची तोंड रंगवणारी ब्लॅक मेटलवाली मंडळी त्याच्यापुढे शाळकरी वाटतात. असं असताना कोकणी भयकथा म्हटलं की वाडा, कंदील, विहीर, पांढरी साडी. २०१६ ला 'रात्रीस खेळ चाले' आली, आकेरीचा वाडा बघायला लोक गाड्या करून यायला लागले, आणि तेव्हापासून जो तो तोच वाडा लिहितोय.

तिन्हीसांज :
साफ असहमत. तुम्ही जे सांगताय तो जल्लोष झाला. मेटलच्या कार्यक्रमात कधी कुणी घाबरलंय का? मी बघितलेल्या कार्यक्रमांत पोरं घामाघूम होऊन, एकमेकांना आपटून, शेवटी गळ्यात गळे घालून बाहेर पडतात. छान आहे ते, पण भय नाही.

भयाची चाहूल लागते, दवंडी पिटून ते येत नाही. पावसाळ्यात लाईट गेलेत, कौलांवर पाऊस एकदम थांबलाय आणि पडवीतला झोपाळा करकरतोय. इथे ड्रम घातलात की सगळं संपलं. नारायण धारपांनी काय केलं? चांगलं सुरळीत घर घेतलं, हिशेबी माणसं घेतली, त्यांच्या तोंडी साधी वाक्यं दिली आणि एक खोली बंद ठेवली. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत तर कित्येकदा भूतच नसतं, नुसता एक सभ्य माणूस असतो. हे गिटारवर करून दाखवा.

खवीस २.० :
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. नावामुळे तटस्थ राहणं भाग आहे.

होडयेतलो :
मी गाबीत, मासे मारणारो. माका गिटार कळना नाय, देवचार कळता. तुमी शिकलेले लोक त्येका भूत म्हणतास हयच चुकतास. देवचार म्हणजे राखणदार. घोंगडी पांघरून, काठी आपटत गावाची शीव फिरता. रात्री वाट चुकलेल्याक घराकडे आणून सोडता. वर्षाक रोट, विडी, कोंबो, झाला त्येचा. आरवलीच्या वेतोबाक लोक एवढी मोठी चामड्याची व्हाणां कित्या देतत? तो रात्रभर फिरता नि ती झिजतत म्हणान. गावासाठी व्हाणां झिजवणाऱ्याक तुमी विलायती सैतानाच्या रांगेत बसवतास? मानकऱ्यांचा काय चुकला?

दुसरी गजाल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आसता, होडये वर काढलेले आसतत. तेव्हा येवा आमच्या वाडीत, दर्यातली भुतां आयका. जाळ्यात काय काय गावता ता आयका. तुमच्या पुस्तकात सगळी भुतां माडीर नाय तर परसातल्या बावडीत. खोताच्या घरातली. दर्या खय गेलो? ह्या पोरांच्या गाण्यात दर्या आसतो तर पयली टाळी मी वाजयली आसती.

सड्यावरचा :
होडयेतलोनू, दर्याचा मुद्दा लाखमोलाचा. मराठी भयकथा समुद्राकडे पाठ करून बसलीय आणि तिचं घर बहुतेक वेळा जमीनदाराचं असतं, यावर कुणी नीट लिहायला हवं. मेटलवाले मात्र कधीच तिथे पोचलेत. इंग्रज कवी कोलरिजची शापित खलाशाची दीर्घ कविता १७९८ ची. आयर्न मेडन या मेटल बँडने १९८४ ला तिचं तेरा मिनिटांहून लांब गाणं केलं. मध्येच वाद्यं खाली येतात आणि जहाजाची लाकडं करकरल्याचे आवाज तेवढे राहतात. (तिन्हीसांज, तुमचा झोपाळा तोच.) अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टने १९२८ साली छापलेल्या कथेत समुद्राच्या तळाशी एक प्राचीन देव झोपलेला आहे. मेटालिका या बँडने १९८४ ला त्याच्यावर गाणं केलं, एकही शब्द न गाता.

देवचाराबद्दल. गाण्यात थट्टा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी बोल ऐकलेले नाहीत. त्यात देवचार राखणदारच आहे. तो आडवा येतो तो रात्री सड्याची, म्हणजे गावावरच्या कातळपठाराची, मोजणी करायला आलेल्या जमिनीच्या दलालाला.

खवीस २.० :
अच्छा! म्हणजे बैठक का बसली ते आत्ता कळलं.

पायपेटी :
मूळ मुद्द्यात संगीताचं कुणी बोलतच नाहीये, म्हणून चार ओळी. मेटलवाले ज्या 'सैतानी' स्वरांतराचा गाजावाजा करतात ते म्हणजे आपलं षड्ज ते तीव्र मध्यम. ब्लॅक सॅबथच्या त्या पहिल्या गाण्याचा तुकडा पेटीवर काढून बघा: सा, वरचा सा, मग तीव्र म, आणि तिथेच तो थरथरवत ठेवलेला. मध्ययुगात चर्चने या स्वरांवर बंदी घातली होती ही निव्वळ दंतकथा. 'संगीतातला सैतान' हे लॅटिन नाव ग्रंथांत दिसतं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला.

आता यमन घ्या. गाण्याच्या क्लासला गेलेल्या पोराला सुरुवातीच्या रागांतच तो शिकवतात, आणि त्यात हाच तीव्र मध्यम आहे. यमन ऐकून कुणाचं पोर दचकलंय? यमनात तो स्वर पंचमाला जाऊन टेकतो. मारव्यात पंचमच वर्ज्य, वर रिषभ कोमल, आणि गाणारा षड्जावर यायचं टाळत राहतो. त्यामुळे मारवा ऐकताना पायाखाली जमीन नसल्यासारखं होतं. आणि त्याची वेळ कोणती? सूर्यास्ताची, म्हणजे कोकणात आया पोरांना 'आत या, दिवे लागले' म्हणून हाका मारतात ती. आयोमीने केलं तेही हेच, स्वर टेकू दिला नाही. त्यासाठी भिंतीएवढे स्पीकर लागत नाहीत, तंबोरा पुरतो. म्हणून धागालेखकाशी अर्धा सहमत. कोणतं अर्धं ते त्यांनी ठरवावं.

तिन्हीसांज :
पायपेटी, दंडवत. माझं काम तुम्ही केलंत.

सड्यावरचा :
केलं कसलं? तंबोऱ्यावर मारवा ऐकायला किती जण बसतात आणि किती टिकतात? त्या रात्री मैदानात अख्खा गाव होता, शेवटपर्यंत.

कातळकडा :
पण हे सगळं कौतुक चाललंय त्यात एक गोष्ट सोयीने गाळली जातेय. १९९२ मध्ये नॉर्वेत बर्गनजवळचं फान्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं, पुढे आणखी चर्चेस जळली, १९९३ मध्ये एका वादकाने दुसऱ्याचा खून केला. ब्लॅक मेटलच्या गोतावळ्यातल्या पोरांना त्यात शिक्षा झाल्या. वेष आणि रंग तोंडावरच राहतात असं नाही, डोक्यातही जातात. गावातल्या म्हाताऱ्यांना हे माहीत नसेल, पण त्यांचं नाक बरोबर आहे.

विवेकवेडा :
नाकावर माणसं तुरुंगात गेलीत, कातळकडा. अमेरिकेत आर्कन्सॉ राज्यात १९९३ मध्ये तीन लहान मुलांचे खून झाले. तीन पोरं पकडली. खुनाशी जोडणारा भक्कम भौतिक पुरावा नव्हता. पण त्यातला एक काळे कपडे घालायचा, मेटालिका ऐकायचा, स्टीफन किंगच्या भयकथा वाचायचा, आणि हे खटल्यात त्याच्याविरुद्ध मांडलं गेलं. १९९४ ला दोघांना जन्मठेप, त्या काळ्या कपडेवाल्याला मृत्युदंड. २०११ ला, आम्ही निर्दोष आहोत असं म्हणतच, सरकारी पक्षाशी कायदेशीर तडजोड करून तिघे बाहेर आले. तुमच्या नॉर्वेत निदान काडी ओढणारे हात सापडले होते.

आता धागालेखकाला. तुम्ही 'आपलं भय' म्हणून जो लाडका सूर लावलाय तोही मला खुपतो. माझ्या नात्यातल्या एका बाईला कावीळ झाली होती, घरच्यांनी भगताकडे नेली, दवाखान्यात पोचायला उशीर झाला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, तोही दाभोलकरांचा खून झाल्यावर. गिटारवाल्या पोरांनी कुणाचं काय घेतलं? भगताने कोंबडा घेतला आणि पाच हजार घेतले. गाण्यावर बैठक बसते, त्याच्यावर बसत नाही.

होडयेतलो :
भगताचा बरोबर आसा. पण राखणदार येगळो नि भगत येगळो, ता एका टोपलेत घालू नको.

विवेकवेडा :
टोपली तुमच्या गावानेच एक केलीय. कोंबडा दोघांनाही लागतो.

गुहागरकरीण :
एवढे सगळे बोललात, एकाने तरी हडळीचं नाव काढलं? बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, जखीण होते. ब्रह्मचारी गेला की मुंजा, ब्राह्मण गेला की समंध, आणि त्यांना पिंपळ मिळतो, मान मिळतो. ती मेली कशी, दवाखाना किती लांब होता, खाडीत तरीची होडी होती की नव्हती, हे कथेत कधी येत नाही. येतात ते उलटे पाय आणि मोकळे केस. वाड्यात मी सून म्हणून राहिलेय. तिथे रात्री घाबरवणारं जे काही होतं ते जिवंत होतं आणि सकाळी चहा मागायचं.

म्हणून मला मेटल चालेल. ओरडणं तरी आहे त्यात. आमच्याकडे शिमग्याला बोंब मारायचा हक्क पुरुषांचा, बाईने आवाज चढवला की तिच्या अंगात आलं. पण त्या चार पोरांत मुलगी आहे का? नसेल तर तुमचा देवचारही बारापाचातलाच एक.

सड्यावरचा :
नाही, मुलगी नाही. ड्रम शिकणारी एक आहे, दहावीतली. तिच्या घरून रात्री सोडत नाहीत.

गुहागरकरीण :
कारण काय देतात? देवचार?

तिन्हीसांज :
गुहागरकरीण यांचा प्रतिसाद वेगळ्या धाग्याच्या तोलामोलाचा आहे. पण त्यानेही माझंच म्हणणं पुढे जातं. त्या बाईची गोष्ट सांगायची तर शब्द कळले पाहिजेत. गुरगुराटात दलाल काय आणि बाळंतीण काय, सगळं एकच. धारपांनी स्टीफन किंगची १९७५ ची रक्तपिपासूची कादंबरी 'लुचाई' म्हणून मराठीत आणली. परकंच होतं ते, पण वाक्यावाक्यात मराठी झालं. इथे पोरांनी विषय गावचा घेतला आणि उच्चार मात्र असा, की मैदानातल्या एकालाही बोल कळले नाहीत. बोल कळले असते तर थट्टेचा आरोप झाला असता का, हे तुम्हीच वर सांगितलंत.

सड्यावरचा :
हा घाव बसला, मान्य. पण मला सांगा, देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा शब्द न् शब्द कुणाला कळतो? गाऱ्हाणं घालणारा एका दमात 'बा देवा म्हाराजा' करून सुटतो, बारा गावचे बारा वहिवाटदार, आकारी-निकारी, वाक्य कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं पत्ता नाही. तरी दर थांब्याला शंभर माणसं एका आवाजात 'व्हय म्हाराजा!' म्हणतात. अंगावर काटा येतो. मेटलच्या कार्यक्रमात याहून वेगळं काय होतं? पोरांच्या गाण्यात शेवटी हेच आहे, मध्ये गिटार थांबते आणि समोरच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्या रात्री म्हटलं लोकांनी. दोन मानकऱ्यांनीही म्हटलं, ते बैठकीत सांगत नाहीत.

पायपेटी :
कोणत्या तालात? आठ मात्रांत बसत असेल तर मला त्याची रेकॉर्डिंग हवी.

होडयेतलो :
'व्हय म्हाराजा' देवाक म्हणतत. गिटारवाल्याक न्हय. ता आधी त्या झिलांका सांग, मगे तालाचा बग.