पाच स्टारच्या गाडीला विम्यात सूट नाही, म्हणून स्टार फुकट?

अंत्रुजकर
परवा इथं एकानं लिहिलं, "पाच स्टारसाठी लाखभर जास्त मोजले, हप्ता रुपयानंही उतरला नाही, स्टार म्हणजे कंपन्यांचा धंदा." वाचल्यापासून राग डोक्यात आहे. अहो, स्टार म्हणजे गाडी आपटून आतला माणूस किती वाचतो ते बघून दिलेले गुण. हप्ता उतरत नाही हे खरं, पण दोष स्टारचा नाही, हप्ता मोजणाऱ्या पट्टीचा आहे. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई देणाऱ्या सक्तीच्या विम्याचे दर सरकार ठरवतं आणि खासगी गाडीचा फक्त सीसी, म्हणजे इंजिनाचा आकार बघतं. जून २०२२ च्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, दीड हजारपर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. टाटाच्या नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये पाच स्टार मिळाले, भारतात बनलेली ती पहिली. पेट्रोल इंजिन बाराशेच्या घरातलं, म्हणून ३,४१६. २०२० च्या चाचणीत शून्य स्टार मिळालेली मारुतीची एस-प्रेसो ९९८ सीसी, तिला २,०९४. माणूस वाचवणाऱ्या गाडीवर जास्त बोजा! इलेक्ट्रिक गाडीला याच दरात १५ टक्के सूट आहे, मग पाच स्टारला का नको?
गेल्या पावसात माझा मेव्हणा चोर्ला घाटात ट्रकला चुकवताना दरडीवर आदळला. गाडी भंगारात गेली, तो दार उघडून आपल्या पायांनी बाहेर आला. त्याच्या बायकोला जाऊन सांगा स्टार फुकट असतात म्हणून.

पेडण्याची बाय
अंत्रुजकरबाब, मेव्हणे वाचले, देवाची कृपा. पण तुम्ही दोन विमे एकत्र कालवताय. थर्ड पार्टी हा समोरच्यासाठी असतो. स्टार देणाऱ्या आपल्याकडच्या चाचणीत, भारत एनकॅपमध्ये, ताशी ६४ किलोमीटरनं गाडी अडथळ्यावर आपटतात आणि आतल्या पुतळ्याला किती लागलं ते मोजतात. बाहेरच्या स्कूटरवाल्याचं काय? गोव्यात रस्त्यावर जीव जातो तो जास्त करून दुचाकीवाल्याचा. माझ्या चुलतभावाला मालप्याच्या उतारावर अशाच एका दणकट गाडीनं उडवलं. गाडीवाल्याला ओरखडा नाही, भाऊ अजून काठी घेऊन चालतो. त्या गाडीला थर्ड पार्टीत सूट द्यायची? कशाबद्दल?

अंत्रुजकर
बाय, भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचा एकत्र विमा असेल तर गाडीत बसलेल्या प्रवाशांची भरपाईही त्याच थर्ड पार्टीच्या भागातून जाते. ते कमी जखमी झाले तर कंपनीचा पैसा वाचतोच.

पेडण्याची बाय
तेवढं मान्य. पूर्ण सूट मान्य नाही.

डेंटिंगवाला म्हापसा
वीस वर्षं गाड्या ठोकून सरळ करतोय, म्हणून माझंही ऐका. पूर्वी बंपर गेला की रंगासकट काही हजारांत काम व्हायचं. आता त्या बंपरमागे रडार, काचेमागे कॅमेरा. काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो, ते माझ्याकडे होत नाही, कंपनीच्या वर्कशॉपला पाठवावं लागतं. एअरबॅगा उघडल्या की डॅशबोर्ड, बेल्ट, सगळंच जातं. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर नसेल तर एअरबॅगेवर ५० टक्के घसारा कापतात, प्लास्टिकवर कापतात तसाच. जीव वाचवणारी वस्तू आणि बंपर एकाच रांगेत. हे कुणीच गिऱ्हाइकाला आधी सांगत नाही, विमा कंपनीचा सर्व्हेयर आला की माणूस मटकन खाली बसतो. दुरुस्ती अशी महागल्यावर ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता उतरणार कसा?

वेर्ण्याची शिफ्ट
पण अपघातच टळला तर दुरुस्ती कुठून येणार? अमेरिकेत विमा कंपन्यांच्याच पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था आहे. तिनं मोजलंय की आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांत पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचे प्रकार निम्म्यावर आले.

डेंटिंगवाला म्हापसा
अमेरिकेत रस्त्यावर गुरं बसत नाहीत. पावसात आमच्याकडे पांढरा पट्टा दिसत नाही, गाडी लेन कुठली धरणार?

वेर्ण्याची शिफ्ट
ब्रेकला पट्टा लागत नाही. माझी गाडी गेल्या महिन्यात कुठ्ठाळीला स्वतःहून थांबली. समोर बैल होता, मला दिसलाच नव्हता. आणि माझी तक्रार वेगळीच आहे. कळंगुटला उभ्या गाडीला भाड्याची गाडी घेऊन आलेल्या पर्यटकानं ठोकलं. चूक माझी नाही, पण माझ्या पॉलिसीतून क्लेम घेतला तर पाच वर्षं क्लेम न घेतल्यानं हप्त्यात मिळालेली ५० टक्के सूट, नो क्लेम बोनस, शून्यावर. त्याच्या थर्ड पार्टीतून घ्यायचा तर न्यायाधिकरणाच्या फेऱ्या. शेवटी खिशातून भरले. अपघात न करणाऱ्यालाच दंड होत असेल तर स्टारवर काय बोलायचं?

अंत्रुजकर
गाडी काळ्या पाटीची, भाड्यानं द्यायचा परवाना असलेली होती की पांढऱ्या?

वेर्ण्याची शिफ्ट
पांढरी! खासगी गाडी, भाड्यानं दिलेली. मालक फोनवर म्हणाला, मित्राला दिली होती.

पेडण्याची बाय
म्हणजे त्या मालकाचा क्लेमही धोक्यात. खासगी पॉलिसीत भाड्यानं द्यायला परवानगीच नाही, पॉलिसीवर छापलेलं असतं. ज्यांना हे ठाऊक असून ते गाड्या देतात ते चोर आहेत.

साखळीचा ट्रकवाला
चोर म्हणण्याआधी थांबा बाय. २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा माझे दोन ट्रक दारात गंजत उभे होते. बँकेचा हप्ता थांबत नव्हता. ट्रक विकून दोन छोट्या गाड्या घेतल्या, पांढऱ्या पाटीवरच भाड्यानं देतो. मुलीची फी त्यातून गेली. तुमच्या घरात पगार येतो, म्हणून नियम दिसतात.

पेडण्याची बाय
माझ्या घरात पगार येतो की नाही हे तुम्हाला काय माहीत? माझा भाऊ काठीवर आहे हे वर लिहिलंय. उद्या तुमच्या गाडीनं कुणाला असंच पाडलं आणि कंपनीनं हात वर केले, तर भरपाईचे लाखो रुपये मुलीच्या फीमधून देणार का?

साखळीचा ट्रकवाला
आवाज चढवू नका. बोलणं सोपं असतं.

वेर्ण्याची शिफ्ट
दादा, तुमच्या ट्रकांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण माझी गाडी दुरुस्त करताना माझे पैसे गेले ते तुमच्यासारख्याच पांढऱ्या पाटीमुळे.

डेंटिंगवाला म्हापसा
आणि त्या छोट्या गाड्या शक्यतो शून्य, एक स्टारच्याच असतात, कारण स्वस्त. दिल्ली-बंगळूरची चार पोरं बसतात, मागचा बेल्ट कुणी लावत नाही, बेल्टाचं हूक सीटखाली दडपलेलं. माझ्याकडे ओढून आणलेल्या गाड्यांत मी ते बघतो. पाच स्टार असले तरी बेल्ट न लावणाऱ्याला एअरबॅग काय करणार? सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अपघातात गेले, मागे बसले होते, बेल्ट नव्हता. गाडी मर्सिडीज होती.

अंत्रुजकर
हे पटलं. मेव्हण्यानं लावला होता, म्हणून चालत आला. नसता लावला तर मी आज हे लिहिलं नसतं. तरी माझा मुद्दा सोडत नाही. गाडी कशी चालवता यावर हप्ता ठरवणारं ॲड-ऑन, म्हणजे जादा कव्हर, विमा नियामक आयआरडीएआयनं जुलै २०२२ मध्येच मंजूर केलंय. मग गाडी किती सुरक्षित आहे यावर का नको?

पेडण्याची बाय
ठीक, सूट द्या, पण ओन डॅमेजमध्ये. आणि थर्ड पार्टीत द्यायचीच तर पादचाऱ्याला, दुचाकीला बघून ब्रेक लावणाऱ्या गाडीला द्या. माझ्या भावाला तो ब्रेक उपयोगी पडला असता. यापुढे मी एक इंचही हलणार नाही.

साखळीचा ट्रकवाला
क्लेम मिळत नाही हे मला एजंटनं कधी सांगितलं नव्हतं. पॉलिसी काढून वाचली, बाय म्हणते ते छापलेलं आहे. काळ्या पाटीला किती खर्च येतो, कुणाला नक्की माहीत असेल तर लिहा. दोन्ही गाड्यांचं.