१ ऑगस्ट : वाचनालयाच्या फळ्यावर काय लिहू?

किनारवेडी, रत्नागिरी
आमच्या वाचनालयाचा दिनविशेषाचा फळा मी लिहिते. १ ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी सगळ्यात वर येणारच. जन्म आमच्या रत्नागिरीतला, आणि १९२० साली मुंबईत सरदारगृहात ते गेले. पण एवढ्यावर भागवायचं नाही. त्या तारखेला महाराष्ट्रात आणखी काय घडलं?

वारणाकाठ
अण्णा भाऊ साठे! जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव. तारीखही तीच, सालही तेच. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस, पण कथा, कादंबऱ्या, लावण्या, पोवाडे सगळं लिहिलं. त्यांना तळाला कोपऱ्यात टाकू नका, ही विनंती.

डहाणूवाला
२०१४ साली याच दिवशी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, राज्याचा ३६वा जिल्हा. मोखाड्याहून कलेक्टर कचेरीसाठी ठाणं गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा, सोबत भाकरी बांधून न्यायची. आमच्यासाठी ही मोठीच घटना.

मिरकरवाडी
ताई, पावसाळी मासेमारी बंदी एरवी ३१ जुलैला संपते. आदल्या दिवशी जेटीवर पाय ठेवायला जागा नसते : बर्फाच्या लाद्या फोडून खणात भरतात, डिझेलचे बॅरल चढतात, जाळी शेवटची तपासतात. जुनी माणसं मात्र नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊनच होडी लोटतात. हेही लिहा.

किनारवेडी
लिहिते. टिळक आणि अण्णा भाऊ शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरात. पालघरच्या आठही तालुक्यांची नावं देते. बंदरावरचं लाल खडूने.