गोल झाल्यावर पहिला आवाज कुणाचा असावा?

कोपऱ्यातली जागा

मी लिव्हरपूलचा पाठीराखा आहे आणि माझा सर्वांत जवळचा मित्र मँचेस्टर सिटीचा. गेली अनेक वर्षे आम्ही सामने शेजारी शेजारी बसून पाहतो, आणि सामना नव्वद मिनिटांत संपला तरी त्यावरचे भांडण पुढचे दोन दिवस पुरते. या वेळचे भांडण मात्र खेळाडू, पंच किंवा गुणतक्ता यांवरून नव्हते. ते आवाजावरून होते.

आम्ही दुसऱ्याच दोन संघांचा सामना दूरचित्रवाणीवर पाहत होतो. यजमान संघाने अगदी अखेरीस बरोबरी साधली आणि चेंडू जाळ्यात जातो न जातो तोच मैदानावरच्या लाउडस्पीकरमधून ठेक्याचे संगीत सुरू झाले. हजारो माणसांची जी आरोळी ऐकण्यासाठी मी सामना पाहतो, ती मला क्षणभरच ऐकू आली. नंतर ऐकू आले ते एक ध्वनिमुद्रित गाणे आणि त्याच्याही वर चढलेला समालोचकाचा आवाज. मी चिडून बोललो तेव्हा मित्र म्हणाला, "लाउडस्पीकरबद्दल तक्रार करण्याचा अधिकार तुम्हां लिव्हरपूलवाल्यांना नाही. 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' हे तुमचे गाणे तुम्हांला लाउडस्पीकरनेच शिकवले, आणि तेही मुळात एका संगीतिकेतले आहे."

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही, आणि तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही. म्हणून या चर्चामंचावरच्या जाणकारांना विचारतो. लाउडस्पीकरने शिकवलेले गाणे पाठीराख्यांचे होऊ शकते का? आणि गोलनंतर लगेच वाजणारे संगीत व अखंड चालणारे समालोचन यांमुळे प्रेक्षकांचा आवाज वाढतो की गुदमरतो?

मधली फळी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच मैदानाच्या इतिहासात आहे. 1960च्या दशकात अ‍ॅनफिल्डवर सामन्यापूर्वी त्या आठवड्याची सर्वाधिक खपाची दहा गाणी उतरत्या क्रमाने वाजवली जात. 1963 साली लिव्हरपूलच्याच 'जेरी अँड द पेसमेकर्स' या वाद्यवृंदाचे 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि चार आठवडे तेथे राहिले, त्यामुळे खेळ सुरू होण्याच्या अगदी आधी तेच कानांवर पडत असे. येथवर तुमच्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. परंतु पुढे ते गाणे यादीतून उतरले, तरी स्टँडमधल्या लोकांनी ते सोडले नाही. लोकांचे गाणे ठरण्याची माझी कसोटी हीच आहे: वाजवणारे थांबले तरी गाणारे थांबत नाहीत.

मी स्वतः जर्मनीतल्या बोरुसिया डॉर्टमुंड क्लबचा पाठीराखा आहे, आणि हे गाणे आम्हीही आमचेच मानतो. स्कॉटलंडमधल्या सेल्टिक क्लबचे पाठीराखे तर त्यावर आमच्याहून जुना हक्क सांगतात. 14 एप्रिल 2016 रोजी युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व सामन्यासाठी आमचा संघ अ‍ॅनफिल्डवर आला होता. लिव्हरपूलच्या अनेक पाठीराख्यांचा ज्यात चेंगरून मृत्यू झाला, त्या हिल्सबरो मैदानावरच्या दुर्घटनेच्या स्मृतिदिनाची ती पूर्वसंध्या होती. सामन्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांनी ते गाणे एकत्र म्हटले, आणि त्या वेळी लाउडस्पीकर काय करतो आहे याकडे कुणाचे लक्षही नव्हते. आम्ही तो सामना 4-3 असा हरलो, आणि विजयी गोल भरपाईच्या वेळेत झाला. त्या पराभवाचे दुःख मला आजही आहे, तरीही त्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रण मी अनेकदा ऐकतो.

निळा मफलर

या धाग्यात ज्या मित्राचा उल्लेख झाला आहे, तो मीच. माझे वाक्य अचूक दिले आहे, त्याबद्दल आभार. परंतु त्यामागचा मुद्दा अर्धाच आला आहे.

माझे म्हणणे असे की वरून लादलेले संगीत वाईटच असते असे नाही, मात्र ते स्वीकारायचे की नाकारायचे हे प्रेक्षक ठरवतात. चॅम्पियन्स लीगचे स्पर्धागीत घ्या. 1992 साली टोनी ब्रिटन यांनी ते हॅन्डेल यांच्या 1727 मधील राज्याभिषेकाच्या रचनेच्या आधारे बांधले, त्याचे शब्द इंग्रजी, फ्रेंच व जर्मन अशा तीन भाषांत आहेत, आणि ते सुरू होताच जगभरच्या प्रेक्षकांच्या अंगावर काटा येतो. आमच्या मैदानावर मात्र त्याच गीताची वर्षानुवर्षे हुर्यो उडवली गेली, कारण स्पर्धेच्या आयोजकांनी आमच्या क्लबला अन्यायाने वागवले अशी पाठीराख्यांची भावना होती. ती भावना योग्य होती की नाही यावर वेगळा वाद घालता येईल. पण ती हुर्यो कुणी लिहून दिली नव्हती आणि कुणी ध्वनिमुद्रित करून वाजवलीही नव्हती, म्हणून मी तिलाही गाण्याइतकेच मानाचे स्थान देतो.

आणि 'ब्लू मून' हे आमचे गाणे 1980च्या दशकाच्या अखेरीस आमच्या पाठीराख्यांनी आपणहून उचलले. तेव्हा संघाची अवस्था अभिमानाने मिरवावी अशी नव्हती. एकटेपणाचे ते संथ गाणे स्टँडमध्ये हजारो माणसे एका सुरात म्हणतात, तेव्हा त्यातला एकटेपणा उरत नाही. ते आम्हांला कोणत्याही लाउडस्पीकरने शिकवले नाही.

शेवटचा चेंडू

फुटबॉलवाल्यांच्या चर्चेत क्रिकेटचा मुद्दा घेऊन येतो, कारण हा प्रश्न आम्हांला अधिक छळतो. फुटबॉलमध्ये संगीताला गोलनंतरचीच जागा असते. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूनंतर रिकामी जागा आहे. कसोटी सामन्यात तीच जागा प्रेक्षकांची असते. त्यात कुजबुज असते, आधीच्या चेंडूवरची चर्चा असते, आणि वेगवान गोलंदाज धावत सुटला की हळूहळू वेग घेणाऱ्या टाळ्या असतात. वीस षटकांच्या सामन्यांत ती जागा ध्वनिमुद्रित सुरावटींनी भरून टाकली जाते आणि प्रेक्षकांना केवळ ठरलेल्या ठिकाणी ओरडण्याचे काम उरते. त्यामुळे सामन्याला गती येते हे मी नाकारत नाही, पण मला त्यात सामन्याचे चढउतार ऐकू येत नाहीत. एकेरी धाव आणि षटकार यांच्या मागे तोच ठेका वाजतो.

नियमांच्या नादात आवाज कसा मारला जातो हे पाहायचे असेल तर 2007 सालची वेस्ट इंडीजमधील विश्वचषक स्पर्धा आठवावी. शंख, ढोल, शिट्ट्या आणि रंगलेली चर्चा यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या मैदानांवर वाद्ये आणण्यास पूर्वपरवानगीची अट घातली गेली, तिकिटेही महाग होती, आणि स्टँड ओस व मुके राहिले. त्यावर इतकी टीका झाली की आयोजकांना स्पर्धा सुरू असतानाच निर्बंध सैल करावे लागले. त्याआधी, 2006च्या अ‍ॅशेस मालिकेत, इंग्लंडच्या 'बार्मी आर्मी' या पाठीराख्यांच्या ट्रम्पेटवादकाला ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावरून बाहेर काढले होते. एकीकडे प्रेक्षकांकडचे ट्रम्पेट बाहेर ठेवायचे आणि दुसरीकडे लाउडस्पीकरमधून ट्रम्पेटची धून वाजवायची, ही विसंगती मला आजतागायत पटलेली नाही.

ध्वनिमिश्रक

मी काही वर्षे थेट प्रक्षेपणाच्या ध्वनिमिश्रणाचे काम केले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो.

घरी बसलेल्या माणसाला मैदानाचा आवाज जसाच्या तसा कधीच ऐकू येत नाही. सीमारेषेभोवती ठेवलेले मायक्रोफोन चेंडूच्या लाथेचा आवाज टिपतात आणि चेंडू जिकडे जाईल तिकडच्या मायक्रोफोनची पातळी वाढवण्याचे काम मिश्रकाला सतत करावे लागते. प्रेक्षकांसाठी वेगळे मायक्रोफोन असतात. ते एखाद्या स्टँडच्या फार जवळ गेले तर एकट्यादुकट्याचे ओरडणे, कधी शिव्याही, घरोघरी पोहोचतात. आणि लाउडस्पीकरच्या जवळ आले तर धाग्यात सांगितलेला प्रकार घडतो. तेव्हा तुमच्या कानांवर आलेल्या संगीताचा दोष संपूर्णपणे मैदानाचा असेलच असे नाही, काही वाटा मिश्रणाचाही असू शकतो.

समालोचनाशिवाय सामना दाखवण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. 20 डिसेंबर 1980 रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने न्यूयॉर्क जेट्स आणि मायामी डॉल्फिन्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना समालोचकांविना प्रक्षेपित केला. मैदानावरचे अधिक आवाज टिपण्याची व्यवस्था केली होती आणि पडद्यावर नेहमीपेक्षा अधिक माहिती दिली जात होती. प्रयोगाची चर्चा पुष्कळ झाली, पण वाहिनीने तो पुन्हा केला नाही.

याच्या उलट टोकाचा अनुभव 2020 सालचा आहे. साथीच्या काळात 16 मे रोजी जर्मनीतील बुंडेसलिगा आणि 17 जून रोजी इंग्लंडमधील प्रीमियर लीग रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, तेव्हा काही वाहिन्यांनी ध्वनिमुद्रित जमावाचा आवाज जोडला. इंग्लंडमध्ये तर फुटबॉलच्या व्हिडिओ गेमसाठी जमवलेले आवाज वापरले गेले, आणि ते ऐकायचे की नाही याचा पर्याय प्रेक्षकांना दिला गेला. ते काम करणाऱ्यांचे कौशल्य मोठे होते, तरी एक गोष्ट कुणालाच साधणे शक्य नव्हते. खरा जमाव घटनेच्या आधी आवाज करतो. बचावपटूच्या मागे मोकळी जागा दिसली की स्टँडमधले लोक श्वास रोखतात, आसनांवरून अर्धवट उठतात, आणि फटका मारण्यापूर्वीच आवाज चढू लागतो. बटण दाबणारा माणूस घटना पाहून मग बटण दाबतो, त्यामुळे त्याचा जमाव नेहमी पाव सेकंद मागे राहतो. ते सामने पाहताना काहीतरी चुकते आहे असे अनेकांना वाटे, त्याचे हे एक कारण.

ज्यांना समालोचन नको आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. मोठ्या सामन्यांच्या प्रक्षेपणात समालोचनाविना केवळ मैदानी आवाजाचा एक स्वतंत्र ध्वनिमार्ग आधीपासूनच तयार असतो, कारण निरनिराळ्या भाषांतील वाहिन्या त्यावर आपापले समालोचन चढवतात. म्हणजे तो आवाज अस्तित्वात आहे. तो प्रेक्षकांसाठी खुला करायचा की नाही, हा वाहिनीच्या इच्छेचा प्रश्न आहे.

तिसरी घंटा

मी मुख्यतः संगीतिकांचा रसिक आहे आणि खेळ त्या वाटेने माझ्याकडे आला. निळा मफलर यांनी आपल्या मित्राला 'तुमचे गाणे संगीतिकेतले' असे ऐकवले, म्हणून ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच पाहिजे. 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' हे 1945च्या संगीतिकेसाठी रिचर्ड रॉजर्स यांनी संगीतबद्ध केले, आणि त्याचे शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे होते. 'ब्लू मून' हे 1934चे गाणे लॉरेन्झ हार्ट यांनी लिहिले, आणि त्याचे संगीतकारही रिचर्ड रॉजर्सच. तुम्ही दोघे एकमेकांवर ज्या गाण्यांनी मात करू पाहता, त्या दोन्हींच्या चाली एकाच माणसाने बांधल्या आहेत.

गाणे कुठून आले याने काही ठरत नाही, हे दाखवणारे आणखी एक उदाहरण देतो. 'व्हाइट स्ट्राइप्स' या अमेरिकी जोडीच्या 2003 सालच्या 'सेव्हन नेशन आर्मी'ची सात स्वरांची सुरावट त्याच वर्षी मिलानला सामन्यासाठी गेलेल्या बेल्जियममधल्या क्लब ब्रुगेच्या पाठीराख्यांनी एका बारमध्ये ऐकली आणि मैदानावर नेली. पुढे 2006 साली ब्रुगेमध्ये आलेल्या इटलीतल्या रोमा क्लबच्या पाठीराख्यांनी ती उचलली, आणि त्याच उन्हाळ्यात इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा सारा देश ती म्हणत होता. शब्द कुणालाच लागले नाहीत. चाल पाठ होण्याइतकी सोपी आणि हजारो घशांना झेपेल अशी होती, एवढे पुरले.

राखीव खेळाडू

बास्केटबॉलचा दाखला थोडक्यात देतो. 5 मार्च 2017 रोजी न्यूयॉर्क निक्सने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धच्या सामन्याचा पूर्वार्ध संगीत आणि पडद्यावरच्या चित्रफितींशिवाय खेळवला. खेळाडूंपैकी काहींनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यांना ती शांतता विचित्र वाटली. माझ्या मते दोष शांततेचा नव्हता. वर्षानुवर्षे प्रत्येक रिकामी जागा भरून दिल्यावर ती स्वतःहून कशी भरायची हे प्रेक्षकांना एका पूर्वार्धात आठवेल, ही अपेक्षाच चुकीची होती.

कोपऱ्यातली जागा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधली फळी यांची कसोटी मी स्वीकारली आहे, आणि तिच्यात माझ्या मित्राची हुर्योसुद्धा बसते हे मला मान्य करावे लागते. ध्वनिमिश्रकांच्या लेखनामुळे माझ्या तक्रारीचे स्वरूपही बदलले. लाउडस्पीकर वाजू नये असे मला आता वाटत नाही. गोलनंतरची पहिली काही सेकंदे तो गप्प राहावा, आणि समालोचकानेही तेवढा वेळ थांबावे, एवढेच मला हवे आहे. तो गोल पाहताना आमच्या दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. समालोचकाला तरी काय सांगायचे होते?

रिचर्ड रॉजर्स यांच्याबद्दल वाचून मी मित्राला लगेच दूरध्वनी केला. पुढच्या लिव्हरपूल-सिटी सामन्याचा पूर्वार्ध समालोचनासह आणि उत्तरार्ध केवळ मैदानी आवाजासह पाहायचा, असे आमचे ठरले आहे.

निळा मफलर

ठरले आहे, आणि मी शब्द पाळीन. एकच दुरुस्ती सुचवतो: अर्ध कोणतेही असो, सामन्यापूर्वीची दहा मिनिटे समालोचन बंदच ठेवू. तुमचे गाणे मला पूर्ण ऐकायचे आहे.