आदिवासी दालनातले पुतळे हटवा, भिंतीवर लग्नचौक लिहिणाऱ्या बायकांना बोलवा

कारवी:
संग्रहालयातलं आदिवासी दालन म्हटलं की अजून तोच साचा. काचेमागे लंगोट नेसलेला प्लास्टरचा पुतळा, हातात तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य), मागे छापील वारली चित्र. पाटीवर ‘वारली. व्यवसाय: शेती, शिकार’. वस्तू कोणी केली, कुठल्या पाड्यावरची, कोणत्या साली घेतली, काहीच नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे त्याआधीच्या पाटीवर जिल्हा असलाच आणि तो बदलला नसेल, तर तोही चुकीचा.

माझं म्हणणं: पुतळे काढा. कारवीच्या काड्यांचा कूड, म्हणजे भिंत, उभा करा, शेणमातीने लिंपा, वर गेरू द्या आणि तांदळाच्या पिठाने चित्र काढायला डहाणू-जव्हारकडच्या बायकांना बोलवा. मजुरी चित्राची तर द्याच, पण दालनाच्या आखणीसाठी त्या बसतील त्या दिवसांचीही द्या. भोपाळच्या मानव संग्रहालयात खुल्या आवारातली घरं त्या त्या समाजाच्या लोकांनीच बांधली आहेत. हे जमतं.

नोंदवही:
भोपाळची घरं उघड्यावर आहेत, हा फरक विसरू नका. आपल्याकडे एसी सकाळी चालू, संध्याकाळी बंद. रोज आर्द्रता खाली-वर होते, माती आकसते आणि कुडापासून सुटते. पिठाच्या रंगात डिंक कमी पडला की पापुद्रे गळतात. राहिलेलं पीठ कसर खाते आणि मग ती शेजारच्या कापडांकडे वळते.

दुसरं, लग्नचौक, म्हणजे लग्नात भिंतीवर लिहायचं चौकोनी चित्र, ही सजावट नव्हे. मध्ये पालघाट देवी असते, सवाशिणी चौक लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते. लग्नाशिवाय तो दालनात काढायचा, ही कसली दखल? पुतळा निदान देवाला हात लावत नाही.

कारवी:
चौकाचा आक्षेप रास्त आहे, पण त्याचा निर्णय धवलेरींनी करावा, तुम्ही-मी नाही. त्या नको म्हणाल्या तर चौकाची जागा रिकामी ठेवा आणि का ते पाटीवर लिहा. आजचा घोळ वेगळाच आहे. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारल्यांना कागद-रंग दिले, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगभर गेली, २०११ला पद्मश्री मिळाली. ती कागदावरची, एका चित्रकाराची कला. तिच्याखाली ‘लग्नविधीतील चित्र’ असं छापलं की त्यांचंही नाव जातं आणि बायकांचंही.

मातीचं म्हणाल तर कूड एसीबाहेर, व्हरांड्यात घ्या. दर पावसाळ्यानंतर नव्याने सारवा. भिंत टिकवायची नाहीच, सारवणारे हात टिकवायचे.

भांडारपाल:
व्हरांड्याला हरकत नाही, पण ‘समाजाने बनवलं’ म्हणून नवी वस्तू थेट दालनात नेऊ नका. तारपाच घ्या: भोपळा, बांबू, ताडाचं पान, सांध्याला मेण. बांबूत तो पोखरणारा भुंगेरा असतो. खाली पिवळट भुकटीची बारीक ढिगोळी दिसली की समजा आत काम चालू आहे. साध्या बांबूला उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवलं की भागतं. तारप्याला तसं करू नका, थंडीने मेण तडकतं. त्याला हवाबंद पिशवीत, ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याखाली आणून तीन-चार आठवडे ठेवावं लागतं. दिवा जवळ लावला तर तेच मेण मऊ पडून नळी सरकते.

पुतळे काढायलाही माझा विरोध आहे. भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मुंबईच्या लोकांच्या मातीच्या मूर्ती बघा. इंग्रज अमदानीत माणसं जातीधंद्यांत कशी बसवली गेली, त्याचा त्या पुरावा आहेत. पुतळा ठेवा, कोणी कधी घडवला ते लिहा.

नोंदवही:
पुतळ्यांबाबत सहमत. पण दोघेही वारलींवरच अडकलात. राज्यात विशेष असुरक्षित म्हणून गणलेल्या जमाती तीन: कातकरी, कोलाम, माडिया गोंड. दालनात त्यांच्या वाट्याला किती भिंत आली, ती टेप लावून मोजा. कातकऱ्यांची एखादी टोपली आणि मासे धरायची खोईन, बस्स. चित्र विकलं जातं म्हणून वारली पुढे, हा न्याय नाही.

कारवी:
हे मान्य. मग कातकऱ्यांच्या कपाटात वीटभट्टीचा साचा ठेवा, शेजारी उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीच्या, हिशेबाची चिठ्ठी. पावसाळा संपला की घरंच्या घरं भट्टीवर जातात, ते लपवून नुसती खोईन मांडणं मला पटत नाही. फक्त त्या चिठ्ठीवरची नावं झाका, आणि ती लावायची की नाही हे आधी पाड्यावर विचारा.